इकडे चालतंय कोण?

…नाही, पण मला एक सांगा, रस्त्याच्या कडेला छत्री लावून खुर्ची टाकून बसलं, की कळतं का हो गावात कोण चालतं ते? रस्तेखात्याच्या साहेबांना कळलं! पाहणीला आले, सकाळपासून बसले, माझ्याच चक्कीवरचं पाणी प्याले, आणि संध्याकाळी चष्मा पुसत मलाच म्हणतात, "प्रविणभाऊ, फुटपाथ नि सायकलची वेगळी पट्टी मागताय, पण माणसं दिसायला नकोत का? इकडे चालतंय कोण?"

चालतंय कोण! अहो तुम्हाला सांगतो, डहाणूहून तलासरीकडे निघालात की नाक्यावर माझी पिठाची चक्की लागते. मोठं दार रस्त्यावर, वर पाटी, तीसुद्धा रंगवलेली, आणि त्या दाराने आजवर आत कोण आलं असेल तर एक बकरी! माणसं सगळी मागच्या दाराने. डोक्यावर तांदूळ, नागली, कडेवर पोर, आणि येतात कुठून? शेताच्या बांधावरून! कारण पुढे मुरमाचे डंपर… एकामागून एक… हॉर्न असा की दळलेलं पीठ भिंतीला जाऊन चिकटतं! तिथे पाय कोण ठेवणार? आणि पाय ठेवत नाहीत म्हणून साहेब म्हणणार, इकडे चालतंय कोण! म्हणजे विहिरीत मगर सोडायची आणि वर म्हणायचं, या गावाला पोहायची हौसच नाही!

मला एवढी कळकळ का, म्हणाल. तर माझी दक्षा. आठवीत आहे. शाळेतून सायकल मिळालीय तिला, आणि सायकल काही बांधावरून जात नाही हो! तिला रस्ताच. सकाळी पोरगी वळणापलीकडे गेली की माझं चित्तच उडतं. बसलो की उठतो, उठलो की दारात जातो, दारात गेलो की दळण बिघडतं, मग बायका आतून ओरडतात, "अरे प्रविण, भाकरीचं पीठ मागितलं होतं, रवा नाही!" बायको निलम म्हणते, "चक्कीचा पट्टा बरा, बटण बंद केलं की थांबतो तरी." भीती वाटते हो, दुसरं काय!

म्हणून गेलो, हात जोडले, म्हटलं साहेब, पुन्हा एकदा बसा. माणूस भला, म्हणाले, "ठीक, शुक्रवारी बसतो." मी तसाच धावत पाड्यावर. तिथे लाहूकाकांचा शब्द चालतो. म्हटलं, "काका, शुक्रवारी सगळ्यांनी रस्त्याने यायचं. बांधाने नाही, रस्त्याने! चालत. सायकल असेल त्याने सायकलवर. साहेब बघायला येणार आहेत." काका म्हणाले, "तू काळजीच नको करू. अख्खा पाडा आणतो."

शुक्रवार. छत्री लागली, खुर्ची लागली, मी इस्त्रीचा शर्ट. रस्ता रिकामा. साहेब माझ्याकडे बघतात, मी वळणाकडे बघतो, साहेब घड्याळाकडे… आणि वळणावरून काय यावं? टेम्पो! पाड्यातल्या मिथुनचा टेम्पो! आत अख्खा पाडा, बायकांच्या केसांत फुलं, आणि टपावर दोरीने करकचून बांधलेल्या सायकली!

आता आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊक नसेल. सभा असो, दाखल्यांचं शिबिर असो, साखरपुडा असो, कार्यक्रम म्हटला की टेम्पो! टेम्पोशिवाय गेलेला माणूस कार्यक्रमाला गेला होता, असं पाड्यात कुणी धरतच नाही. साहेबांनी पेन काढलं आणि मोठ्याने म्हणत लिहिलं, "टेम्पो… एक."

मी कपाळ बडवत धावलो. "लाहूकाका, चालत या म्हटलं होतं ना मी!" तर टेम्पोतून पाड्यातली सगळ्यांत थोरली, लाडकीआजी, माझ्यावरच खेकसली, "सायेब एवढं लांबून आलं, नि आमी धूळ खात चालत यायचं? पाड्याला अब्रू हाय का नाय?" आणि लाहूकाका तर थेट साहेबांपुढे उभे. "आता दाखवतो ना चालून! कुठनं कुठवर चालायचं ते सांगा फक्त." मागे रांगसुद्धा लागली हो! एकजण विचारतो, तारपा आणलाय, वाजवू का? साहेब घाम पुसत म्हणाले, "असं दाखवलेलं मोजणीत नाही हो धरता येत. नैसर्गिक पाहिजे. माणूस आपल्या कामाने जाताना दिसला पाहिजे."

नैसर्गिक! घ्या! पाडा रुसून टेम्पोत बसला आणि गेला. साहेब छत्री मिटायला लागले, पुन्हा तेच, "बघा प्रविणभाऊ, मी तरी काय करू… इकडे चालतंय कोण?" आणि तेवढ्यात वळणावर मला लाल रिबीन दिसली. दक्षा! शाळा सुटलेली! मी ओरडलो, "साहेब, थांबा! सायकल! माझीच पोरगी आहे, पण नैसर्गिक आहे!" साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. आली… आली… अहो, माझे डोळे भरून आले, म्हटलं आज तरी माझी पोर कागदावर लागणार…

आणि मागून डंपर. भोंऽऽऽ! पोरीने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. सायकलसकट शेतात उडी! डंपर गेला, धुरळा बसला, आणि खुर्चीसमोरचा रस्ता पुन्हा रिकामा. दक्षा शेतातून सायकल ढकलत, कपडे झटकत, आमच्या पाठीमागून निघून गेली.

साहेबांचं पेन हवेतच. म्हणाले, "हिला नाही धरता येणार. समोरून गेली नाही ना… पण असं कुणी शिकवलं हो तिला?"

कुणी म्हणजे? मीच! रोज सकाळी दारात उभा राहून बजावतो, हॉर्न ऐकला की विचार करायचा नाही, शेतात उडी! आता शिकली पोरगी, तर रागावू कुणावर? मागून आवाज आला, "बाबा, भूक लागलीय!" मी साहेबांची छत्री मिटून त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, "लिहा साहेब, इकडे कुणी चालत नाही… म्हणून तर सगळी जेवायला घरी येतात."