निळी वायर

(रुग्णवाहिका बोलावण्याच्या केंद्रातली यंत्रांची खोली. भर दुपार. चाचणीचे खोटे कॉल चालू आहेत.)

धाकटा: आता तरी चाचणीच्या अहवालावर सही कर, ताई! वीस हजार कॉल एकदम सोडलेस. माझ्या लायब्ररीत, कॉल पुढे जोडणाऱ्या माझ्या कोडमध्ये, एकतरी अडकला?

ताई: नाही. छानच लिहिलीयस.

धाकटा: मग घोडं कुठे पेंड खातंय?

ताई: ती निळी वायर उपट.

धाकटा: ही? ही तर नावावरून संगणकाचा आकडी पत्ता शोधणाऱ्या सर्व्हरची.

ताई: उपट म्हणते ना.

धाकटा: घे, उपटली.

ताई: पडद्याकडे बघ.

धाकटा: अगं... सगळेच थांबले! असं कसं? माझी लायब्ररी कुणासाठी खोळंबत नाही. एक वेटर, दहा टेबलं. एकाची ऑर्डर आत दिली की लगेच दुसऱ्याकडे!

ताई: पण एका कॉलनं दवाखान्याच्या संगणकाचं नुसतं नाव सांगितलं, आणि तुझा वेटर पत्ता विचारायला दारात जाऊन उभा राहिला. उत्तर येईपर्यंत जागचा हलेना. बाकीचे बसलेत हात चोळत.

धाकटा: माझ्याकडे असं कधीच झालं नाही.

ताई: चाचणीत नावं देत होतास?

धाकटा: ...नाही. थेट आकडी पत्ता द्यायचो. वेळ वाचायचा ना.

ताई: वाचला बरं वेळ!

धाकटा: हे बघ, वाट बघणं सोडून आपोआप सुटलं. तीसच सेकंद! सोमवारी लायब्ररी चालू केली नाही तर वरचे साहेब बाहेरची आणतील. माझे आठ महिने पाण्यात. सख्खा भाऊ ना मी तुझा?

ताई: आहेस म्हणूनच वायर तुला उपटायला लावली. नुसतं माझ्या तोंडून ऐकून तू भांडला असतास, आणि तुझा चेहरा बघून मी विरघळले असते. मला माहितीय ना मी.

धाकटा: दुरुस्त करेन गं मागाहून. तीस सेकंदांनी काय आभाळ कोसळतं?

ताई: आईच्या घशात घास अडकला, तेव्हा इथे फोन कुणी लावला होता?

धाकटा: मी.

ताई: किती वेळ वाजला?

धाकटा: दोनदा. फक्त दोनदा वाजला, ताई. पण तेवढंही संपता संपेना...

ताई: मग, काय लिहू?

धाकटा: 'तयार नाही' लिही. आणि खाली माझीही सही घे.