सीटवरचा तांब्या

एकोणीसशे एकसष्ट साल, अन् मी तवा चौतीस वर्षांचा. जन्म दर्यापुराकडच्या खेड्यातला, बाप मजुरी करे, शाळा म्हणाल तर दुसरीपर्यंत, तेही वर्गाच्या दाराबाहेर बसून, त्यामुळं मास्तर काय शिकवे ते अर्धं ऐकू ये अन् अर्धं वाऱ्यानं जाये. लढाईच्या टायमाले मिलिटरीच्या वर्कशॉपात हेल्पर लागलो, तथी पाना हातात आला तो आजवर सुटला नाही. मंग अकोल्यात स्टँडामागं टिनाचं शेड टाकलं. छप्पन साली नागपूरले जाऊन धम्म घेतला, तवापासून मी कोणापुढं वाकलो नाही, गाडीखाली वाकलो तेवढंच. लोक म्हणत, हा मिस्त्री लय अडेल आहे बाप्पा. हाव, होतोच. आजही आहे.

तर अकोल्यात एक जिनिंगवाला मालक होता, त्याच्यापाशी विलायती मोटार. दोन माणसाईची, डोक्यावर टप नाही, इतकी बुटकी का बसणाऱ्यानं हात खाली सोडला तर मातीले लागन. पळवाच्या शौकाची गाडी होती ती, तरुणपणी मालकानं अमरावतीच्या सडकेवर लय पळवली. आता गाडी म्हातारी झाली, मालकाचे केस पांढरे झाले, अन् गाडीचे शाकप गेले. शाकप म्हणजे काय सांगू तुमाले, चाक खड्ड्यात गेलं का पाटा दबते, मंग उसळते, त्या उसळीले जो धरून ठेवते तो शाकप. ह्या गाडीचे जुन्या तऱ्हेचे होते, लोखंडाची डब्बी, आत तेल, बाहेर एक दांडी. तेल गळून गेलं होतं, आतून सारं घासलं होतं. एक खड्डा लागला का गाडी पाळण्यासारखी डुले.

तुमी म्हणाल, मंग पडू द्याची गाडी तशीच, मालकापाशी काय दुसरी नव्हती? होती ना, मोठी बंद गाडी होती. पण गोष्ट बाईसाहेबाची होती. मालकाची बायको. तिच्या मणक्याले दुखणं लागलं होतं, दोन वर्षं खाटेवर, डॉक्टरनं सांगतलं का हादरा बसता कामा नाही. अन् तिले एकच ध्यास, अखजीले पातूरले माहेरी जाचं. अखजी म्हणजे अक्षय्य तृतीया, तवा आमच्याकडे लेकी माहेरी येतात, अन् घरातलं जे गेलं असन त्याच्या नावानं पाण्याची भरली घागर ठेवतात. तिचा बाप गेला तवापासून ती घागर तिनं सोता भरली नव्हती. बंद गाडीत तिचा जीव घाबरे, चढाले पाय उचलत नसे. ही बुटकी गाडी, खाटेवरून उतरल्यासारखं सीटवर सरकता ये, अन् वारा लागे. म्हणून ह्याच गाडीत जाचं.

नवे शाकप मुंबईच्या दुकानात नाहीत, बाहेरचा माल येणं बंद. मंग मालक नागपूरहून जीपचे शाकप घेऊन आला, लांब नळीचे, कोरे, चमकून राहिले. म्हणे, हे लाव. मी म्हणलो, हे नाही चालत मालक, बकरीच्या मानेवर बैलाचं जू होते हे. जीपचं वजन किती, हिचं किती, हे दबणारच नाहीत, हादरा सरळ बसणाऱ्याच्या पाठीत. अमरावतीले एका डॉक्टरची जुनी बंद गाडी निंबाखाली पडून आहे, तिले ह्याच जातीच्या डब्ब्या आहेत, जराशा मोठ्या, त्या आणतो. मालक भडकला. भंगारातला माल माझ्या गाडीले? अन् तुह्या डब्ब्या वळणावर गाडी लोळवतीन, जीपचे धरून ठेवतीन, एवढं मले समजते. ते त्याचं खरंच होतं, जोरात चालवाची असती तर त्याचीच निवड बरोबर. पण मीही हटलो नाही, मी म्हणलो, मंग दुसरा मिस्त्री पाहा.

हे सारं बंगल्याच्या अंगणात चाललं होतं. वऱ्हांड्यात खाटेवर बाईसाहेब पडल्या होत्या. त्या म्हणाल्या, काहून भांडून राहिले तुमी दोघं, बसाचं मले आहे न? मंग त्या म्हणाल्या, माह्या बापाच्या घरी बाळंतपणाले लेक आणाची असली का आधी रिकामी रेंगी, म्हणजे लहान बैलगाडी, जोडत, आतल्या गादीवर भरला तांब्या ठेवत अन् गाडीवानाले शिवेपर्यंत फिरवून आणाले लावत. ज्या बैलाईनं पाणी सांडलं नाही ती जोडी लेकीले आणाले जाये. तसंच करा. अन् आपल्या उशाचा पितळी तांब्या तिनं माह्या हातात देला.

आता तुमी आजकालचे, तुमाले त्यात काही वाटणार नाही. पण त्या अंगणात सारे थांबले. स्वयंपाकीण दारात उभी होती, तिचं तोंड उघडंच राहिलं. मी तांब्या घेतला, माह्या शेडातल्या माठातून भरला.

आधी जीपचे लावले, पट्ट्या जोडून बसवले. पातूरच्या सडकेनं मालकानंच नेली, फाट्यापर्यंत जाऊन आला तर तांब्या आडवा, सीट चिंब. मालक म्हणे, सडकच तशी आहे. मी म्हणलो, सडक बदलता येत असन तर बदला. तो हासला, बऱ्याच दिवसानं हासला म्हणतात. मंग अमरावतीहून डब्ब्या आणल्या, उघडून धुतल्या, चामड्याच्या चकत्या कापून बसवल्या. पातळ तेल भरलं तर गाडी डुले, घट्ट भरलं तर ठोके दे, दोन्ही मिळवून मिळवून पाह्यलं, बाईसाहेब वऱ्हांड्यातून विचारत, काय मिस्तरी, बैल जमले का? मी म्हणो, अजून एक मारका आहे बाईसाहेब. शेवटी एक दिवस गाडी परत आली तर सीटवर पंजाएवढाच ओला डाग. मी तांब्या तसाच नेऊन दाखवला. तिनं हातात घेतला, अन् ते पाणी, माह्या माठातलं, सगळ्यांदेखत घटघट प्याली.

स्वयंपाकीण म्हणे, तो तांब्या आता घरात येणार नाही. बाईसाहेब म्हणाल्या, मंग नको येऊ दे, मिस्तरी, तुमच्यापाशीच राहू द्या, अखजीले भरून आणा, मी मांडीवर घेऊन बसीन.

अखजी जवळ आली होती. त्याच्या आधीच बाईसाहेब गेल्या. मोर्णा नदीच्या काठी जाळलं, तवा मी बाजूले उभा राहिलो, कोणी बोलावलं नाही, कोणी हाकललंही नाही.

काय सांगू, आता त्यातलं कोणीच उरलं नाही. मालक मागाहून म्हातारा होऊन आपल्या बिछान्यावर गेला, पोराईनं गाडी विकली, जीपचे ते शाकप माह्या खाटेखाली गंजून राहिले, सून म्हणते फेका, मी फेकू देत नाही. चाललं आहे आपलं.

पण तेव्हाचं राहिलं सांगाचं. तेरवी झाल्यावर एका संध्याकाळी मालक शेडात आला. दाढी वाढलेली. म्हणे, मिस्त्री, त्या डब्ब्या काढ, जीपचे लाव. मी म्हणलो, काहून? म्हणे, आता कोणाले जपाचं आहे, मले जोरात न्याची आहे. कुठं, असं मी विचारलं. त्याचं तोंड पाहून मले समजलं, हा परत याले निघाला नाही. मी म्हणलो, सकाळी पाहू.

दुसऱ्या दिवशी अखजी होती. मी ते मानत नाही, बाईसाहेब मानत होत्या. सकाळी उठून तांब्या चिंचेनं घासला, घरच्या माठातून काठोकाठ भरला, अन् दोन्ही हातात धरून स्टँडापासून बंगल्यापर्यंत पायी गेलो. स्वयंपाकीण दारातून पाहत राहिली. गाडी अंगणात होती. बाईसाहेब बसणार होत्या त्या सीटवर तांब्या ठेवला. मालक बाहेर आला तवा म्हणलो, शाकप बदलत नाही मी. पातूरले तुमची सासू लेकीच्या नावची घागर भराले वाट पाहून राहिली असन. पाणी सांडू नका. त्यानं तांब्या हातानं नीट टेकवला, मंग बसला, अन् गाडी फाटकातून अशी बाहेर काढली, जशी लेक बसली असावी आत.