आटलं नव्हतं, अडलं होतं

किसनदादाच्या शोकसभेला विहारात जमलेल्या आयाबहिणींनो, भावांनो, जय भीम. माइक दिलात खरा, पण माझ्याच्यानं भाषण व्हायचं न्हाई. रडू येतंय म्हणून न्हाई. भ्या वाटून राहिलंय. किसनदादाला ज्यानं नेलं, ते दुखणं अजून एका माणसाला हाय. अन् ते माणूस इथंच बसलंय.

मी दादाचा शेजारी, ऑटोवाला. समदे वळखता. टँकर आला की पाइप दादाच्याच हातात. "ए, रांगेत या!" आधी म्हातारे, मग लेकुरवाळ्या, शेवटी ह्याची घागर. तीबी अर्धी. अन् लई मस्करीखोर माणूस. कंबर दुखती म्हणला, तवा मी इचारलं, "दादा, लघवी होती का?" तर हसला. "येड्या, विष्णुपुरी धरणात थेंब न्हाई, माझ्यात कुठून येईल?" आम्ही समदे हसलो. समद्यांना पटलंबी. दुष्काळच हाय, आटलं असेल!

मग उलट्या, तोंडावर सूज, बरळणं. नांदेडला नेलं. डॉक्टरीणबाई म्हणल्या, "पाणी कमी पिलं तर लघवी कमी होते, गडद होते. पण थेंबभरसुद्धा होत नाही, म्हणजे वाट अडली. दोन्ही मूत्रपिंडांच्या खाली खडे अडकलेत. लघवी आत तुंबलीय, आणि बाहेर जायची घाण रक्तात चढलीय." नळी टाकली, लई धडपड केली त्यांनी. उशीर झाला होता.

ऐकलं का? आटलं नव्हतं. अडलं होतं.

आता वहिनी, राग आला तर येऊ द्या. तुम्ही पदराखाली कंबर दाबून राहिल्यात, सकाळपासून बघून राहिलो. असल्या उन्हात अंगावर चादर कशाला? हुडहुडी भरून राहिली ना? मघाशी इचारलं तर म्हणल्या, "माणूस गेलं माझं. लोकांपुढं लघवीचं काय बोलू, भाऊजी?" बोला ना वहिनी! कसली लाज? डॉक्टरीणबाईंनी मला बजावलंय, खडा अडला अन् वरून थंडी-ताप आला, तर घटकाभरबी थांबायचं न्हाई. अन् तुम्ही म्हणता, सभा होऊ द्या?

मंडळी, तुम्ही उभं राहा, दादासाठी दोन मिनिटं गप राहा. मी न्हाई थांबत. दादा, तुला शेवटचा जय भीम. पोरी, आईला धर. ऑटो दारातच हाय.

उठा वहिनी.