जांभळ्या साडीवरचा ब्लाऊज

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न. कुठलंही व्रत घ्या — आधी संकल्प, शेवटी उद्यापन. बरोबर? मग ज्या व्रताचा संकल्प दर सोमवारी होतो आणि उद्यापन जन्मात होत नाही, त्याचं फळ कुणाला?

पेटीवाले हसताहेत, म्हणजे त्यांना कळलं. अहो, मी डाएटबद्दल बोलतोय! — माझ्या पोटाकडे बघू नका, आख्यानाकडे बघा.

चिपळुणात कुमुदिनी भडसावळे नावाची बाई. बावन्न वर्षांची. घराच्या पुढच्या खोलीत मशीन टाकून ब्लाऊज शिवायची. पद्धत पक्की — आतल्या बाजूला दोन बोटं जास्तीचं कापड दाबून ठेवायचं. बाई बाळंत होते, आजारातून उठते, अंगाने भरते. शिलाई उसवली की झालं काम!

साऱ्या आळीचे ब्लाऊज शिवले तिने. एक सोडून! तिच्या स्वतःच्या जांभळ्या साडीवरचा.

साडी आईने दिलेली. अकरा वर्षं कपाटात, ब्लाऊजपीसला कात्री नाही. आई दर दिवाळीला विचारायची, "कुमे, नेसलीस का गं?"

"नेसेन आई. जरा बारीक होते, मग शिवते."

आणि मग सोमवार! एकदा नुसतं सूप. एकदा नुसती फळं. एकदा भात बंद, एकदा संध्याकाळी सहानंतर तोंड बंद — खायला हो, बोलायला नाही! आणि रविवारी? "उद्यापासून बंदच आहे," म्हणून बटाटेवडे! बुधवारी मोडायचं, गुरुवारी रडायचं, शनिवारी शेजारच्या रोहिणीवहिनी मोबाईल घेऊन हजर. "कुमुदताई, हे नवीन आलंय बघा!" की पुन्हा सोमवार!

इकडे आईला एक्क्याऐंशीवं लागलं. भावाने घरी सहस्रचंद्रदर्शनाचा घाट घातला. डॉक्टर म्हणाले, नजर चाललीय, गेलेली परत येणार नाही. आई म्हणाली, "अजून रंग कळतात गं मला. एकदा ती साडी नेसून दाखव."

पंधरा दिवस राहिले होते. कुमुदने कापड अंथरलं. आता ऐका हं, काय केलं! टेप अंगाला लावलीच नाही. पंधरा दिवसांनी आपण जेवढ्या होऊ, त्या अंदाजाने कापलं! आत दोन बोटं? तीही सोडली नाहीत. सोडली तर मन ढिलं पडेल म्हणे! अहो, नवशिकी करणार नाही अशी चूक, आणि केली कुणी? हात बसलेल्या बाईने.

पंधरा दिवस ताक आणि काकडी. आदल्या दिवशी दुपारी ब्लाऊज अंगात घातला — हुकं चार बोटं लांब! रोहिणीवहिनी धावल्या, "अजून एक दिवस आहे की! नुसत्या लिंबूपाण्यावर राहा!" आणि मंडळी, ती हो म्हणाली! वहिनी गेल्या, हिने पेला हातात घेतला.

एवढ्यात दारात फाटकबाई. हातात जुना ब्लाऊज. "कुमुद, मेलं अंग सुटलंय माझं. दाखवायची लाज वाटते."

"लाज कसली त्यात?" कुमुद म्हणाली. "आत कापड आहे. बसा, पाच मिनिटांत उसवून देते."

बोलली, आणि हात थांबला तिचा. इतक्या वर्षांत एकाही बाईला तिने "आधी उपाशी राहा, मग या" असं म्हटलं नव्हतं. म्हणत होती ती फक्त एकीला!

फाटकबाईंचं काम झालं. कुमुदने पेला मोरीत ओतला. आमटीभात वाढून घेतला, पोटभर जेवली. गोधडीसाठी आईचं जुनं हिरवं लुगडं ठेवलं होतं, त्याच्या पट्ट्या कापल्या आणि ब्लाऊजच्या दोन्ही बाजूंना काखेखाली जोडल्या. ब्लाऊज बसला!

दुसऱ्या दिवशी आईला दिवे ओवाळले. आईने लेकीला जवळ ओढलं. "जांभळा रंग कळतोय गं!" मग पाठीवरून हात फिरवला. काखेपाशी हात थांबला.

"हे माझं लुगडं!"

"हो आई. ब्लाऊज तोकडा पडला."

"मग आधीच जोडायचंस की पट्टी! अकरा वर्षं कशाला थांबलीस? या साडीत तुझा चेहरासुद्धा दिसला असता मला."

एवढंच म्हणाली माउली. रागावली नाही. पण कुमुदला ते लागलं, मंडळी. मलाही सांगताना लागतं.

पुढचा सोमवार आला. रोहिणीवहिनीही आल्या, मोबाईलही आला. मोह झाला का? झाला! हात मोबाईलकडे गेलासुद्धा. पण त्याच हाताने तिने टेप उचलली. "वहिनी, उभ्या राहा. मापं घेते तुमची — आजची!" सोमवार आला तसा गेला. त्या घरात काहीच सुरू झालं नाही.

आता माझ्या नावाने कुणी साखर खाऊ नका! डॉक्टरांनी सांगितलेलं पथ्य पाळायचं; पोळ्या पाच खात असाल तर तीन खा. ते शहाणपण झालं. मी विचारतोय ते वेगळं. तुमच्या कपाटात काय पडलंय? बारीक झाल्यावर काढायचा फोटो? बारीक झाल्यावर जायचं ते बहिणीचं घर? वाट बघणाऱ्याची नजर तोवर थांबेल का?

चला, आरती करू. नंतर शिरा आहे. ज्याला साखर चालत नाही, त्याने केळं घ्यावं. बाकीच्यांनी हात पुढे करा — आणि "सोमवारपासून" हा शब्द चपलांजवळच ठेवून जा! जाताना घालू नका.