क्लिफची जागा

(कॅनडातलं रिजायना शहर. हिरव्या रफरायडर्स संघाचं, चेंडू हातात धरून पळायच्या तिकडच्या फुटबॉलचं, जुनं मैदान. शेवटचा सामना काल झाला, आता हे पाडणार. पलीकडे नवं बांधून तयार आहे. आज रविवारी सकाळी, जुन्या प्रेक्षकांना आपापल्या जागेवर एकदा बसून घेता यावं म्हणून दार उघडं ठेवलंय. धुकं इतकं की समोरची बाजू दिसत नाही. लांब पत्र्याच्या बाकावर ओरेस्ट, मेलव्हिलकडचा शेतकरी, आणि मर्ना, मूस जॉ गावात जन्मभर शाळेची बस चालवून आता घरी बसलेली. दोघांच्या मधल्या जागेवर, मर्नाचा आता हयात नसलेला नवरा क्लिफ बसायचा तिथे, घडी घातलेली हिरवी घोंगडी आहे.)

मर्ना : तुम्ही मघापासून उत्तर टाळताय. नव्या मैदानात जागा निवडलीत की नाही?

ओरेस्ट : निवडली.

मर्ना : कुठे?

ओरेस्ट : सांगतो. आधी कॉफी तर ओता.

मर्ना : म्हणजे भलतीकडेच निवडलीय.

ओरेस्ट : तुम्ही निवडलीत का?

मर्ना : गेल्याच महिन्यात.

ओरेस्ट : कुठे?

मर्ना : आधी तुम्ही.

ओरेस्ट : मग राहू द्या. एवढी वर्षं शेजारी बसलो, कळेल तेव्हा कळेल कोण कुठे जातोय ते. धुकं बघा कसलं पडलंय.

मर्ना : काल आपण इथेच हरलो हे खरं वाटत नाही. वाटतं, खेळ अजून सुरूच व्हायचाय.

ओरेस्ट : मला मघाशी कुणीतरी पळताना दिसलं.

मर्ना : गवत बघणारा माणूस असेल.

ओरेस्ट : डोक्यावर चामड्याची टोपी होती. कानांवर येणारी. अंगात लाल-काळा शर्ट.

मर्ना : सकाळी सकाळी घेऊन आलात की काय?

ओरेस्ट : चेंडू पोटाशी धरून पळत होता, अगदी हळू. पाय जमिनीला लागतच नव्हते. त्या टोकाला गेला आणि विरघळला.

मर्ना : लाल-काळा म्हणजे फारच जुना खेळाडू निघाला. हिरवा यायच्या आधीचा.

ओरेस्ट : हिरव्याची ती गोष्ट सांगा ना. तुम्ही छान सांगता.

मर्ना : शंभर वेळा ऐकलीय तुम्ही.

ओरेस्ट : इथे बसून ही शेवटचीच.

मर्ना : असं बोलू नका हो. ऐका. दुसरं महायुद्ध संपून दोन-तीन वर्षं झाली असतील. संघाचे कुणी कारभारी शिकागोला गेले होते. तिथे एका दुकानात उरलासुरला माल काढला होता, त्यात हिरवे-पांढरे शर्ट दिसले. स्वस्त मिळाले, उचलले दोन संच. झालं. एवढाच तो इतिहास. त्या माणसापायी आज माझं दार हिरवं, पडदे हिरवे, आणि क्लिफला शवपेटीत टाय घातला तोही हिरवा.

ओरेस्ट : त्या दुकानात त्या दिवशी जांभळे असते तर?

मर्ना : तर आपण जांभळे झालो असतो आणि तेवढ्याच हट्टाने.

ओरेस्ट : डोक्यावर घालायची कलिंगडं मात्र वाया गेली असती.

मर्ना : अगं बाई, कलिंगड. क्लिफ ते कोरायला बसला की स्वयंपाकघरात पाय ठेवायची सोय नसायची. आणि नंतर दिवसभर तो रस मानेवरून आत. एकदा तुमच्या बाजूला कलंडून झोपला होता, आठवतं? ते डोक्यावर तसंच.

ओरेस्ट : खांदा चिकट झाला होता माझा. हललो नाही.

मर्ना : का नाही हललात?

ओरेस्ट : झोपलेल्या माणसाला कशाला उठवायचं.

मर्ना : आता तुमची सांगा. गोठ्यातली.

ओरेस्ट : ती काय, सगळ्यांच्याच घरची आहे. सहासष्ट साल. तोवर आपण देशाचा कप कधी जिंकलाच नव्हता. जायचो आणि हरून यायचो, आमचे बाबा त्याला यात्रा म्हणायचे. त्या वर्षी समोर ओटावा. देशात संघ नऊ, आणि त्यातल्या दोघांना एकच नाव. तेही रफरायडर्स, आपणही रफरायडर्स. रेडिओवाला ओरडायचा, 'रफरायडर्स पुढे', की बाबा दूध काढता काढता मान वर करून विचारायचे, 'आपले का त्यांचे?' त्यांना इंग्रजी बेताचंच यायचं. मी युक्रेनियनमध्ये सांगायचो, आपले. मग पुन्हा धार सुरू.

मर्ना : एका देशात दोन रफरायडर्स. कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही.

ओरेस्ट : संपलं तेव्हा बाहेर अंधार पडला होता. बाबा नुसत्या शर्टावर बर्फात जाऊन उभे राहिले. आमच्यापासून मैलभर लांब कोवालचुकांचं घर. त्यांच्या अंगणातला दिवा विझला, लागला, विझला, लागला. मग त्याच्या पलीकडचा. मग आणखी पलीकडचा, तो तर कुणाचा हेही आम्हाला माहीत नव्हतं. सगळं माळरान उघडझाप करायला लागलं. बाबांनी मला दिव्याच्या बटणापाशी उभं केलं आणि म्हणाले, आपलंही त्यांना कळू दे.

मर्ना : अजून बोलताना तुमचा हात हलतो, बटण दाबल्यासारखा.

ओरेस्ट : स्वप्नात येतं ते. स्वप्नात मात्र मी बटण दाबतो आणि दिवा लागत नाही.

मर्ना : माझ्या स्वप्नात बस येते. पिवळी, शाळेची. मागे मुलं नसतात, आपले खेळाडू बसलेले असतात, सगळ्या काळातले. ते चामड्याच्या टोपीवालेसुद्धा. संघ बुडायला आला होता तेव्हा गावोगाव आपण टर्कीची जेवणं विकून पैसे उभे करून वाचवला ना, त्या वेळी बटाटे सोलणाऱ्या बायकाही असतात. मी आरशात बघते तर सगळे शहाण्यासारखे खिडकीबाहेर बघत असतात. कुठे उतरायचं ते कुणीच सांगत नाही.

ओरेस्ट : क्लिफ असतो?

मर्ना : असतो. शेवटच्या बाकावर. त्याच्याकडे मात्र मला आरशात बघवत नाही.

ओरेस्ट : का?

मर्ना : तुम्हाला माहीत नाही ते.

ओरेस्ट : सांगावंसं वाटत नसेल तर नका सांगू.

मर्ना : इथे नाही तर कुठे सांगणार. ही जागाच उद्या राहणार नाही. ते मॉन्ट्रियलचं वर्ष, ओरेस्ट. तेरा जणांचं.

ओरेस्ट : हं.

मर्ना : क्लिफ इस्पितळात. नळ्या लावलेल्या. टीव्ही मीच उशाकडे ओढून घेतला होता. आपण दोन गुणांनी पुढे, वेळ संपलेला, त्यांची एक लाथ शिल्लक. त्यांच्या गड्याने मारली आणि चेंडू खांबाबाहेर गेला. जिंकलो. आपले सगळे धावत आत, मी क्लिफचा हात इतका दाबला की सुई निघाली असती. आणि तेवढ्यात कोपऱ्यात, पंच चूक दाखवायला टाकतात तो रुमाल पडलेला दिसला मला.

ओरेस्ट : बाराच्या खेळात आपले तेरा उभे होते.

मर्ना : आपण प्रेक्षक मारे मिरवतो, आम्ही तेरावा गडी म्हणून. त्या दिवशी खरंच एक जास्तीचा मैदानात उभा. दुसरं कोण असली चूक करणार, आपल्याशिवाय? त्यांना पुन्हा मारायला मिळणार, हे मला कळलं. क्लिफचे डोळे अर्धे मिटलेले, तोंडावर हसू. मी टीव्ही बंद केला. म्हटलं, जिंकलो रे. तो म्हणाला, वा. मग नर्सला सांगितलं, पेपर आणायचा नाही. बारा दिवसांनी गेला. आपण हरलो ते त्याला कधी कळलंच नाही.

ओरेस्ट : मर्ना.

मर्ना : म्हणून दर वर्षी पैसे भरून ही जागा ठेवलीय मी. लोकांना वाटतं प्रेम. प्रेम आहेच, पण त्याला खोटं सांगून पाठवलंय, त्याची जागाही काढून घ्यायची? मला जमत नाही ते. प्रत्येक सामन्याला या घोंगडीकडे बघून मनात म्हणते, माफ कर.

ओरेस्ट : मी त्याला भेटायला गेलो होतो.

मर्ना : कधी?

ओरेस्ट : सामना झाल्यावर, दोन दिवसांनी. तुम्ही खाली जेवायला गेला होतात. मला काही माहीत नव्हतं, मी आपला तोंड पाडून आत गेलो. म्हटलं, क्लिफ, फार वाईट झालं. तर त्याने बोट ओठांवर ठेवलं. म्हणाला, 'हळू बोल, माझ्या खोलीत आपण जिंकलोय.'

मर्ना : काय?

ओरेस्ट : रुमाल त्यानेही पाहिला होता. तुमच्या आधीच, असं म्हणाला. तुम्ही टीव्ही बंद केलात तेव्हा तो जागाच होता. म्हणाला, 'तिचा चेहरा बघायला हवा होतास तू. माझ्यासाठी तिने अख्खा कप जिंकून दिला. मी कशाला नाही म्हणू?' आणि मला शपथ घातली, तुम्हाला सांगायचं नाही.

मर्ना : आणि तुम्ही आजवर सांगितलं नाहीत.

ओरेस्ट : शपथ होती. आणि तुम्हाला हे असं खातंय, हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर शपथ मोडली असती. रडू नका. म्हणजे, रडा हवं तर.

मर्ना : मी हसतेय. दोन्ही होतंय. लबाड माणूस. 'वा' म्हणाला. किती छान म्हणाला होता तो.

ओरेस्ट : हा घ्या रुमाल.

मर्ना : मला फार हलकं वाटतंय, ओरेस्ट. आणि थंडीही वाजतेय. ती घोंगडी उचला.

ओरेस्ट : ही? क्लिफच्या जागेवरची?

मर्ना : हो, ती. उलगडा, आणि इकडे सरका. दोघांना पुरेल एवढी आहे.

ओरेस्ट : सरकलो.

मर्ना : नव्या मैदानात मी त्याची जागा घेतलेली नाही. एकच घेतलीय. घेतानाही त्याला म्हटलं, माफ कर.

ओरेस्ट : आता तरी सांगा, कुठे?

मर्ना : पश्चिमेला. अगदी खालच्या रांगेत.

ओरेस्ट : पश्चिमेला? तिथे तर दुपारनंतर सावली. तुम्ही गारठून जाल.

मर्ना : माझं काय. तिथे पायऱ्या नाहीत. तुमचा गुडघा काही नव्या पायऱ्या चढायचा नाही, तेव्हा तुम्ही खालचीच रांग घेणार असं मी धरून चालले. तुम्ही कुठे घेतलीत?

ओरेस्ट : पूर्वेला.

मर्ना : किती वर?

ओरेस्ट : बरीच वर. तिथे शेवटपर्यंत ऊन राहतं. इतकी वर्षं तुम्ही थंडी थंडी करता, म्हटलं, तुम्ही उन्हातच बसणार.

मर्ना : म्हणजे तुम्ही त्या टोकाला आणि मी या टोकाला.

ओरेस्ट : तोंडासमोर तोंड.

मर्ना : विचारायला काय झालं होतं तुम्हाला?

ओरेस्ट : तेच तर. विचारायचं म्हणजे काय विचारायचं? 'माझ्या शेजारी बसाल का?' या वयात? तुम्ही नाही म्हणाला असतात तर कालचा सामनासुद्धा शेजारी बसून बघता आला नसता. मला ती भीती वाटली. तीच एक भीती होती, खरं सांगतो. मैदान पाडतायत त्याचं काही वाटत नाही.

मर्ना : मीही नाही विचारलं.

ओरेस्ट : बदलून मिळत नाही म्हणतात.

मर्ना : नाहीच मिळत. माझ्या बहिणीने विचारून पाहिलं. कोण येतंय वर? ब्रेंट का?

ब्रेंट : मीच, मीच. बसा, घाई नाही. तासाभराने दार लावतोय, तेवढं सांगायला आलो. या मैदानाच्या दारावर केस पांढरे झाले माझे, आणि तुम्हाला दोघांना एका घोंगडीत आजच पाहतोय. भांडण मिटलं वाटतं?

मर्ना : कसलं भांडण?

ब्रेंट : मी आमच्या मंडळींना नेहमी सांगतो, वरच्या रांगेत एक जोडपं आहे, नवरा बोलत नाही, बायको थांबत नाही, आणि मधे हातभर अंतर. नव्या मैदानात कुठे बसणार?

ओरेस्ट : एक पूर्वेला, एक पश्चिमेला.

ब्रेंट : काहीतरीच. अहो, एका घरातल्यांचं अजून बदलून देतायत. दोघांनी जायचं, एकच पत्ता सांगायचा, दोन जागा शेजारी लावून देतात. खालची तिकिटांची खिडकी आज बारापर्यंत उघडी आहे. मी जातो, पलीकडे एक आजोबा बाक उपटून न्यायला बसलेत.

मर्ना : गेला.

ओरेस्ट : गेला.

मर्ना : तुम्ही त्याला सांगितलं नाहीत, आपण नवरा-बायको नाही म्हणून.

ओरेस्ट : तुम्हीही नाही सांगितलंत.

मर्ना : तो थांबला असता तर बोलले असते.

ओरेस्ट : बायको थांबत नाही म्हणाला तो.

मर्ना : फार चढू नका. आणि खोटा पत्ता मी सांगणार नाही, आधीच सांगून ठेवते. खोटं बोलून झालंय माझं.

ओरेस्ट : मग खराच सांगू.

मर्ना : म्हणजे कुणाचा?

ओरेस्ट : तुमच्या मूस जॉला बर्फ कमी पडतो म्हणतात.

मर्ना : कोण म्हणतं? तेवढाच पडतो.

ओरेस्ट : तरी तुमचाच.

मर्ना : चला मग, खिडकी बंद करतील. हात द्या. आणि पायऱ्या उतरेपर्यंत मला तुमचं आडनाव सांगा.