तुर्की बाईंचा आवाज

अगं, नव्वदच्या सुमाराला मी लंडनला हाउन्सलोत जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, होते ना, तेव्हा माझ्याकडे एक वयस्कर तुर्की बाई आल्या. बरीच वर्षं तिकडच्या टीव्हीवर कामं केलेली, आता इथे लेकीकडे राहायच्या. आवाज हरवलाय म्हणाल्या. घसा तपासला, तर काहीच नाही.

“मग त्रास काय होतो?”

“तिकडे भाजीवालासुद्धा माझा आवाज ओळखायचा. इथे दिवसभर कुणाशी बोलणंच नाही. एक सीन म्हणू?”

म्हटलं, “म्हणा.”

परदेशी निघालेल्या मुलीला आई निरोप देते, एवढं सांगून त्या तुर्कीत सुरू झाल्या. मला एक शब्द कळेना, पण डोळे वाहायला लागले.

त्या थांबल्या. “तुझी आई कुठे असते?”

“नाशिकला.”

त्यांनी टेबलावरचा फोन माझ्यापुढे सरकवला. “आता तू बोल. मी ऐकते.”