गावाची बालवाडी

(वलगावच्या अलीकडचं बोरखडी. संध्याकाळची वेळ. खुशालरावांच्या अंगणात माया बाजेच्या कडेला टेकली आहे. खुशालरावांची सून रागिणी आत चहा करते आहे.)

खुशालराव: ते सारं मंग सांग. आधी हे सांग, काल तुह्या नवऱ्याच्या ऑटोत ते पोट्टे कोणाचे होते? असे कोंबून आणले होते त्यानं, मले वाटलं कुठं लग्नच हाय.

माया: माह्या नणंदेचे, अन् तिच्या शेजारणीचे. वलगावहून आणले.

खुशालराव: काहून?

माया: बालवाडीत बसवाले.

खुशालराव: वलगावचे पोट्टे बोरखडीच्या बालवाडीत?

माया: हसू नका, काकाजी. उद्या अमरावतीहून संस्थेच्या मॅडम येऊन राहिल्या. बालवाडीच्या ताईचा पगार थेच लोक देते ना. मागच्या खेपेले त्या सांगून गेल्या, ही बालवाडी गावाची नाही, एका मोहल्ल्याची आहे. विहारात भरते, अन् विहाराजवळचीच मुलं येतात. असंच राहिलं तर आम्ही ती उचलून तिवश्याकडं देऊ. म्हून आमच्या संघपालनं डोकं चालवलं. गावातले नाई येत, तं बाहेरगावचे आणू.

खुशालराव: भारी डोकं हाय बापा! मंग?

माया: मंग काय. त्या ताईनं, नीलमताईनं, काल तालीम घेतली. "आपल्या गावाचं नाव काय?" आमचे पोट्टे म्हणे, बोरखडी. नणंदेचं पोट्टं उभं राहिलं अन् म्हणते, "माहं गाव वलगाव. पण मामा म्हणे, मॅडम आली का बोरखडी म्हणजो, मंग समोसा भेटते."

खुशालराव: हे घ्या! मामा गेला कामातून.

माया: समोसा मीच देला त्याले, खरं बोलला म्हून. अन् सांजच्याले सगळे ऑटोत टाकून परत पाठवले. संघपालले म्हटलं, असे लेकरं आणून बालवाडी वाचत नसते. उद्या या मॅडमनं एकाले इचारलं तं आहे ते बी जाईन. म्हून मी खरं लेकरू मांगाले आली.

खुशालराव: म्हंजे आमचा पियुष.

माया: हाव.

खुशालराव: तो तं वलगावले कॉन्व्हेंटात जाते. टाय लावून. दारात व्हॅन येते त्याची.

माया: थेच तं म्हणून राहिली मी. वलगावचे पोट्टे आमी इकडं आणून राहिलो, अन् आपलं पोट्टं सकाळी सकाळी वलगावले जाऊन राहिलं. लोकायनं हसाव नाई तं काय कराव?

रागिणी: मायाताई, चहा घ्या. साखर कमी आहे हं. मामाजींना शुगर आहे, म्हणून या घरात सगळ्यांनाच शुगर आहे.

माया: द्या वहिनी. गरम असला का झालं.

खुशालराव: अन् सरकारची अंगणवाडी हाय ना गावात? तिथं घाला पोट्टे.

माया: हाय, अन् चांगली हाय. पण ते दुपारी सुटते, काकाजी. बाया वावरातून येते दिवस बुडता. मधात लेकराले कोणी पाह्याव? म्हून तं आमी मायबापानं मिळून हे दिवसभराची सुरू केली. रोज एका घराची पाळी. मंगळवारी मी कापूस वेचाले जात नाई, ताईसोबत बसते. शुक्रवारी संघपाल ऑटो उभा ठेवते.

खुशालराव: संघपाल? लेकरं सांभाळते?

माया: शेंबूड पुसते, खिचडी भरवते. घरी हातानं पाणी घेत नाई तो माणूस! अन् गाणे बी म्हणते. निरा बेसूर. पोट्टे त्याच्याहून चांगले म्हणते.

रागिणी: ते मला ऐकू येतं गच्चीवर.

खुशालराव: तू मधात नको बोलू. माया, तुमचं काम चांगलं हाय, मी नाई म्हणत नाई. पण आमच्या एका पियुषनं काय होणार?

माया: एक आला तं बाकीचे येतीन. गावात सारे तुमच्या दाराकडं पाह्यते, काकाजी. अन् मले एक सांगा, मागच्या साली तुमचा कापूस कोणी वेचला?

खुशालराव: तुह्याच टोळीनं.

माया: तवा आमचे लेकरं कुठी होते?

खुशालराव: धमकी देऊन राहिली का मले?

माया: धमकी देणारी असा बिनसाखरेचा च्या पीत बसते का? अडचण सांगून राहिली. बालवाडी गेली तं अर्ध्या बाया घरी बसतीन. अन् ज्यायले घरी बसणं परवडत नाई, त्या लेकरू वावराच्या बांधावर, धुऱ्यावर निजवतीन. बालवाडी नव्हती तवा आमच्या टोळीतल्या पार्बताबाईच्या नातीले तिथंच विंचू चावला ना? तिच्या मायनं वेचलेला कापूस तिथंच सोडला अन् पळत सुटली. आठवते का?

खुशालराव: आठवते. माह्याच वावरात झालं ते. मीच गाडीवर नेलं होतं दवाखान्यात. रस्ताभर पोरगी माह्या खांद्याले धरून होती.

माया: मंग.

खुशालराव: मंग काय मंग! तू बोलण्यात कोणाले आयकत नाई. अवं, लोक काय म्हणतीन? आमचा केशवराव, माहा चुलतभाऊ, दिवसभर बसस्टँडवर बसून गावाची खबर ठेवते. त्याचा नातू धडाधड एबीसीडी म्हणते. आपल्या पियुषनं काय म्हणाव?

रागिणी: पियुष काहीच म्हणत नाही, मामाजी.

खुशालराव: म्हंजे?

रागिणी: कॉन्व्हेंटात तो बोलतच नाही. शाळा सुरू झाल्यापासून एक शब्द नाही. तिथल्या मॅडमनी मला बोलावून सांगितलं, मूल मुकं वाटतं, डॉक्टरला दाखवा.

खुशालराव: मुकं? आपला पियुष? घरात रेडिओ लागल्यासारखा वाजते तो! अन् मले कोणी सांगतलं काहून नाई?

रागिणी: तुमचं बीपी वाढलं असतं. हे अकोल्याहून सुट्टीवर आले होते ना, तेव्हा कपडे घ्यायला अमरावतीला जातो म्हणून आम्ही निघालो. ते डॉक्टरकडेच गेलो होतो.

खुशालराव: काय म्हणे डॉक्टर?

रागिणी: त्यांनी पियुषला मांडीवर घेतलं आणि विचारलं, बाळा, घरी कोण कोण आहे? झालं! म्हैस, म्हशीचं वगार, ते रात्री कसं झालं, आबा कसे घोरतात, घोरताना मधेच कसे थांबतात, सगळं करून दाखवलं त्याने. बाहेर पेशंटची रांग लागली. शेवटी डॉक्टरच म्हणाले, याला बोलायचं औषध नको, थांबायचं पाहिजे.

माया: अवं माय! घोरणं बी करून दाखवलं?

खुशालराव: हसून घ्या तुमी. मंग तिथी कॉन्व्हेंटात काय होते त्याले?

रागिणी: तिथे बाथरूमला जायचं असलं तरी इंग्रजीत विचारावं लागतं. एकदा त्याने आपल्या बोलीत विचारलं. सगळा वर्ग हसला, मॅडमसुद्धा हसल्या. तेव्हापासून तो विचारत नाही. चड्डी ओली करून येतो, मामाजी. व्हॅनमधून उतरला की मी दारातच बदलते, तुम्हाला दिसू नये म्हणून.

खुशालराव: रोज?

रागिणी: बहुतेक रोज.

खुशालराव: अन् मी त्याले संध्याकाळी इचारतो, आज काय शिकला रे साहेब? आग लागो त्या टायले.

माया: काकाजी, तुमाले काय मालूम!

खुशालराव: मालूम पाह्यजे होतं ना. एका घरात राह्यतो.

रागिणी: मामाजी, आता बोलतेच आहे तर पूर्ण बोलते. अकोल्याला माझं डी.एड. झालं. लग्नात सगळ्यांना सांगत होतात तुम्ही, आमची सून मास्तरीण आहे म्हणून. मी शिकवलं कुणाला? दुपारी गच्चीवर डाळ वाळत घालायला जाते. तिकडून त्या मुलांचा गलका येतो, आणि मला खाली यावंसं वाटत नाही. डाळ केव्हाचीच वाळलेली असते.

माया: मंग येत जा ना, वहिनी. आमच्यात पाळी देणारे लय हायेत, शिकवणारं नीलमताईशिवाय कोणीच नाई. तिले ताप आला का आमी नुसते गाणे म्हणत बसतो.

रागिणी: मी आले तर चालेल?

माया: चालेल का म्हणून काय इचारता? धावेल!

रागिणी: मी यांना फोनवर विचारलं होतं. हे म्हणाले, बाबांना विचार. तर मामाजी, मी विचारते आहे.

खुशालराव: किशोरचं असंच हाय. अकोल्यात बसून सारं माह्यावर ढकलते. ...माया, तुले एक सांगू का? कॉन्व्हेंट, केशवराव, हे सारं मी उगाच बोलून राहिलो.

माया: मालूम हाय मले.

खुशालराव: विहार माह्यासमोर बांधला तुमी लोकायनं. सारा जलम इथं गेला, पण मी कधी आत आलो नाई. बुद्धपौर्णिमेले संघपाल दरसाल सांगाले येते. मी म्हणतो येतो, अन् येत नाई. खीर मातर डब्यातून घरी येते, ते खातो.

माया: दुसऱ्यांदा बी मांगता.

खुशालराव: खीर चांगली असते, त्याले मी काय करू! अवं, एक डाव फाटकापर्यंत आलो होतो. धोतर धुतलेलं, टोपी घातलेली. मंग वाटलं, आत जाऊन कराव काय? हात जोडाव का? बसाव कुठी? काही चुकलं तं तुमचे लोक हसतीन. अन् आमच्या लोकायनं पाह्यलं तं ते येगळंच बोलतीन. तसाच वापस फिरलो. मले भेव वाटते, पोरी. या वयात असं म्हणाची लाज वाटते, पण भेवच वाटते.

माया: मी बी आज दोनदा वापस फिरली, काकाजी.

खुशालराव: कुठून?

माया: तुमच्याच फाटकातून. वेचणीचं बोलाले येते तवा ताठ येते मी, कामाची गोष्ट असते. आज मांगाले याचं होतं. पायच उचलत नव्हता. तुमी नाई म्हटलं असतं तं उद्यापासून याच रस्त्यानं वावरात कशी गेली असती?

खुशालराव: मंग आली कशी?

माया: अनुपसाठी. माहं लेकरू. पियुषच्याच बरोबरीचं हाय. मी धुऱ्यावर वाढली, काकाजी. मायच्या मागं मागं, दिवसभर उन्हात. माय कपाशीच्या ओळीच्या त्या टोकाले गेली का मले वाटे, आता हे येत नाई. अजून बी कवा कवा तसंच सपनात येते. अनुप सकाळी उठला का स्वतःच चपला घालून बसते, विहारात चल म्हणते. उद्या ते दार बंद झालं तं मी त्याले काय सांगू?

खुशालराव: ...रागिणी, व्हॅनवाल्याले फोन लाव. येऊ नको म्हणा.

रागिणी: उद्याच्यापुरतं?

खुशालराव: उद्याच्यापुरतं नेलं तं आपला पियुष बी उसनाच झाला ना! कायमचं सांग. त्याले तिथं बोलू द्या. त्या मॅडमपुढं म्हशीचं सांगो, का माह्या घोरण्याचं सांगो.

माया: काकाजी...

खुशालराव: आता रडू नको बापा. इतका वेळ भांडत होती ते बरं होतं. केशवरावकडं मी जातो जेवण झाल्यावर. त्याची सून बी वैतागली हाय म्हणते त्या व्हॅनले. तो शिव्या देईन पहिले, देऊ दे. आपल्या गल्लीतल्या माणिकबाईच्या घरी रागिणी जाईन. तिच्या नातीले आजी सोडून कोणापाशी राहाची सवय नाई, तं म्हणा आजीले बी घेऊन ये. बसन एका कोपऱ्यात.

रागिणी: म्हणजे मी उद्यापासून जाऊ, मामाजी?

खुशालराव: मास्तरीण हाय ना तू? मंग मास्तरणीनं शाळेत जा लागते. डाळीले पाहून घेईन मी.

माया: मॅडम दहाले येते, वहिनी. तुमी पियुषले घेऊन थोड्या आधी...

खुशालराव: तिनं तिचं जाव. पियुषले मी आणतो. नातू माहा हाय.

रागिणी: तुम्ही? आत?

खुशालराव: मंग का फाटकातूनच फेकू त्याले? ...माया, जराशी थांब. एक इचाराचं होतं.

माया: इचारा ना.

खुशालराव: तिथी चपला कुठी काढा लागते? मले मालूम नाई.

माया: पायरीपाशी, काकाजी. सगळेच तिथी काढते.